थोड्या पैशांत मॉडेल रेल्वे : आखणी आणि उभारणी

मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर किती खर्च होणार, हे बहुतांशी आखणीच्या कागदावरच ठरून जाते. प्रमाण कोणते, रेल्वे कोणती, जागा किती आणि गाड्यांनी करायचे काय, या चार प्रश्नांची उत्तरे एकदा पक्की झाली की रूळ, पॉइंट (एका रुळातून दुसरा फोडणारे सांधे) आणि इंजिने किती लागणार हे त्यांच्या मागोमाग येते. नवशिक्याचे पैसे वाया जातात ते उलट क्रमामुळे. आधी एखादा आकर्षक संच घरी येतो, मग तो मावेल अशी जागा शोधली जाते आणि शेवटी त्या रुळांवर गाडी गोल फिरण्यापलीकडे काही करू शकत नाही, हे लक्षात येते. हात आखडता असेल त्याने आखणीला अधिक वेळ द्यावा. त्या वेळाला पैसे पडत नाहीत.

प्रमाण आणि गेज

प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा मॉडेल किती पट लहान आहे ते. गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. या दोन गोष्टींची गल्लत झाली की न जुळणारा माल विकत घेतला जातो. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण एचओ, म्हणजे १:८७, आणि त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे. ब्रिटनमध्ये त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर १:७६ प्रमाणाची गाडी चालते. तिला ओओ म्हणतात. एन प्रमाण १:१६० आणि गेज ९ मिलिमीटर. टीटी १:१२० आणि १२ मिलिमीटर. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने १९७२ मध्ये आणलेले झेड प्रमाण १:२२० आणि त्याचे रूळ अवघे ६.५ मिलिमीटर गेजचे.

लहान प्रमाणाने जागा किती वाचते याचा हिशेब सोपा आहे. एचओऐवजी एन घेतले तर लांबी साधारण निम्मी होते, पण क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी, सुमारे ३० टक्के, उरते. पैसे मात्र त्या मानाने वाचत नाहीत. लहान इंजिनात मोटर, दंतचक्रे आणि वीज उचलणाऱ्या पट्ट्या तेवढ्याच लागतात आणि त्या जास्त बारकाईने बनवाव्या लागतात, म्हणून एनचे चांगले इंजिन एचओच्या निम्म्या किमतीत मिळत नाही. दुसरी बाब हाताने बनवायच्या वस्तूंची. दोन मीटर उंचीचे दार १:८७ मध्ये २३ मिलिमीटरचे होते, तर १:१६० मध्ये साडेबारा मिलिमीटरचे. पहिले दार घरातल्या कटरने नीट कापता येते. दुसऱ्याला सरावलेला हात आणि भिंग लागते. स्वस्तातल्या मांडणीचा मोठा भाग हाताने बनणार असतो, त्यामुळे हाताला पेलेल असे प्रमाण निवडणे हीच मोठी बचत ठरते.

भारतीय गाड्यांचा नमुना करू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण येते. भारतातले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे आहे. त्याला ८७ ने भागले की १९.३ मिलिमीटर येतात, आणि बाजारात मिळणारे एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. बहुतेक हौशी मंडळी ही तफावत चालवून घेतात आणि त्यात वावगे काही नाही. पण मीटरगेज आणि नॅरोगेजचे आकडे याहून पुष्कळ सोयीचे निघतात. मीटरगेजचे १००० मिलिमीटर १:८७ मध्ये साडेअकरा होतात. १२ मिलिमीटरचे टीटी रूळ त्याला पुरेसे जवळ आहेत. आणि अडीच फुटी नॅरोगेजचे ७६२ मिलिमीटर होतात ८.७६. एनचे ९ मिलिमीटरचे रूळ त्यापेक्षा जेमतेम पाव मिलिमीटर रुंद. म्हणजे इमारती, माणसे आणि गाड्यांचे वरचे सांगाडे १:८७ चे, हाताला सोपे, आणि खाली चाके, मोटर व रूळ एनचे, लहान व सहज मिळणारे. युरोपात हा प्रकार एचओई या नावाने फार वर्षांपासून चालत आला आहे. महाराष्ट्रातल्या हौशी माणसासाठी तो जणू मुद्दाम बेतल्यासारखा आहे, कारण अडीच फुटी गेजची एक मोठी रेल्वे याच मातीत होऊन गेली.

मुख्य लाइन की फाट्यावरचे स्टेशन

हॅम्बुर्गमध्ये २००१ साली सुरू झालेले मिनियाटूर वुंडरलांड हे मॉडेल रेल्वेचे प्रदर्शन पाहिले, निदान त्याची चित्रफीत पाहिली, की प्रत्येकाला लांबलचक एक्स्प्रेस गाड्या आणि दुहेरी मार्ग हवेसे वाटतात. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून उभ्या असलेल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातली मांडणीही एचओतली आहे आणि ती समोर उभे राहून बघता येते. पैसे खर्चण्याआधी अशी एखादी भेट जरूर द्यावी, आणि ती देताना गाडीपेक्षा वळणांकडे, उतारांकडे आणि त्यांना लागलेल्या जागेकडे लक्ष ठेवावे.

कारण आकडे निष्ठुर आहेत. आजच्या एलएचबी डब्याची लांबी सुमारे साडेतेवीस मीटर. १:८७ मध्ये तो २७ सेंटिमीटरचा होतो. चोवीस डब्यांची गाडी करायची तर इंजिन सोडून साडेसहा मीटर लांबी लागेल, आणि फलाट तेवढाच. वळणाबाबत जाणत्यांचा एक ठोकताळा आहे : वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट असली तर गाडी भरवशाने चालते, दुप्पट असली तर अडखळते. २७ सेंटिमीटरच्या डब्याला म्हणजे ८१ सेंटिमीटर त्रिज्या हवी आणि पूर्ण वर्तुळाला दीड मीटरहून जास्त रुंदी. शहरातल्या घरात ती खोली व्यापून टाकते.

चढावाचेही तसेच. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे आणि तिथे आजही जड गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. मॉडेलमध्ये ४० ला १ हा चढ कसाबसा चालतो. एका रुळावरून दुसरा पुलाने न्यायचा तर एचओत साधारण साडेसात सेंटिमीटर उंची गाठावी लागते. त्या चढाने तेवढे वर जायला तीन मीटर आणि खाली यायला आणखी तीन. वळणावर ओढ आणखी कमी होते. तुटपुंज्या खर्चात उड्डाणपुलाचा मोह सोडलेलाच बरा. मैदानी, सपाट रेल्वे निवडावी.

अशा वेळी मोठ्या रेल्वेचा तुकडा कापून घेण्यापेक्षा मुळातच छोटी असलेली रेल्वे पूर्ण घ्यावी. चार डब्यांची गाडी मुख्य लाइनवर अपुरी वाटते. फाट्यावरच्या नॅरोगेज स्टेशनात तीच गाडी पूर्ण असते. बार्शी लाइट रेल्वे हा त्याचा उत्तम नमुना.

बार्शी लाइट रेल्वे

ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने ही रेल्वे बांधली. बार्शी ही कापूस आणि भुसार मालाची मोठी पेठ, पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची मुख्य लाइन तिच्या बाजूने निघून गेली होती. त्या लाइनवरच्या बार्शी रोड स्टेशनापासून, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीपासून, बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजचा मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. सगळा मार्ग मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा झाला. एकविसाव्या शतकात त्याचे टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाले.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने कॅलथ्रॉपच्या कामातली खरी गंमत त्याच्या काटकसरीत आहे. हलके रूळ वापरता यावेत म्हणून त्याने एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असे ठरवले. मालाच्या सगळ्या वाघिणी त्याने एकाच मापाच्या, २५ फुटी, पोलादी चौकटीवर बांधल्या : उघडी वाघीण, बंद वाघीण, सपाट वाघीण, वरचा भाग निराळा, खालची चौकट तीच. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर, १:८७ मध्ये पावणेनऊ सेंटिमीटर. जाड पुठ्ठ्याचा एकच साचा कापला की त्यावरून आठ काय आणि बारा काय, हव्या तेवढ्या वाघिणींचे तळ कापता येतात. वळणाचा हिशेबही हलका होतो. पावणेनऊ सेंटिमीटरच्या तिप्पट म्हणजे सव्वीस सेंटिमीटर. एनच्या तयार रुळांमध्ये मिळणारे २८ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण त्याला पुरून उरते.

इंजिनांसाठी काळ निवडावा लागतो. सुरुवातीची वाफेची इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची, आठ जोडचाकांची. ती देखणी होती, पण तशी चाकांची रचना असलेला एनचा तळ शोधणे आणि त्यावर बॉयलर चढवणे हे पहिल्या प्रयत्नाचे काम नाही. अडीच फुटी गेजसाठी भारतीय रेल्वेने पुढे झेडडीएम मालिकेची डिझेल इंजिने आणली. त्यांचा सांगाडा म्हणजे दोन बोगींवर ठेवलेली सरळ कडांची पेटी. एनच्या जुन्या, पण चालत्या डिझेल इंजिनाचा तळ घ्यावा आणि त्यावर पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्याची पेटी बसवावी. पहिले इंजिन डिझेलचेच करावे. वाफेचे इंजिन दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे.

चार फूट बाय एक फूट

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये घरे लहान होती आणि छंदापुरते पैसे थोडे. तिथल्या हौशी लोकांनी यातून जी वाट काढली ती आजही सर्वांत स्वस्त आहे : गोलाकार मार्ग सोडून द्यायचा, भिंतीलगत एक अरुंद फळी लावायची, तिच्या एका टोकाला शेवटचे स्टेशन आणि दुसऱ्या टोकाला पडद्यामागे गाड्या उभ्या करायची जागा. पडद्यामागची जागा म्हणजे उरलेले सगळे जग. सिरिल फ्रीझर या संपादकाने १९५७ मध्ये मायनरीज नावाचा असाच एक आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यावरून आजतागायत मांडण्या होत आहेत.

याच परंपरेत अ‍ॅलन राइट यांचा इंगलनुक सायडिंग्ज हा आराखडा येतो. त्यात पॉइंट फक्त दोन. एका सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन सायडिंगमध्ये प्रत्येकी तीन, आणि शंटिंगच्या रुळावर इंजिन व तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने वाघिणी जोडून गाडी तयार करायची. ऐकायला सोपे वाटते, पण आठातून पाच वाघिणींचे क्रम ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६७२० होतात. दोन पॉइंट, एक इंजिन आणि आठ वाघिणी यांतून इतका खेळ मिळतो. अमेरिकेतल्या जॉन अ‍ॅलन यांचे टाइमसेव्हर हे कोडेही प्रसिद्ध आहे, पण त्याला पॉइंट जास्त लागतात. पॉइंट ही रुळांच्या खर्चातली सर्वांत महाग वस्तू. कमी पैशांत इंगलनुकच सरस.

बार्शीच्या २५ फुटी वाघिणींनी हा आराखडा मोजून पाहता येतो. जोडणीसह एक वाघीण साडेनऊ सेंटिमीटर धरली तर पाच वाघिणींना ४८ सेंटिमीटर. इंजिन आणि तीन वाघिणी यांना सुमारे ४०. एनचा एक पॉइंट १३ सेंटिमीटरपर्यंत, आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून पाचेक सेंटिमीटर मोकळे. बेरीज १०६ होते. म्हणजे १२० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद फळीवर, चार फूट बाय एक फुटात, सारे बसते. काम झाल्यावर ती कपाटावर किंवा पोटमाळ्यावर ठेवता येते.

आता या तीन सायडिंगना अर्थ द्यावा. लांब सायडिंग म्हणजे गाडी लावण्याचा रूळ, दुसरी मालधक्क्यालगत, तिसरी कापसाच्या गोदामाशी. कुर्डूवाडी करायचे असेल तर मालधक्क्याच्या पलीकडे ब्रॉडगेजचा रूळ दाखवावा. रुंद गाडीतला माल उतरवून अरुंद गाडीत भरणे हे तिथले रोजचे काम होते. त्या रुळावर गाडी धावायची नसल्याने तो नुसता शोभेचा, १९.३ मिलिमीटर अंतरावर हाताने चिकटवलेल्या पट्ट्यांचा केला तरी चालतो, आणि मग भारतीय ब्रॉडगेज अचूक मापात दाखवल्याचे समाधानही मिळते. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे निघालेली वारकऱ्यांची गर्दी पुठ्ठ्याच्या माणसांनी उभी करता येते. कोणतीही वाघीण कुठे आणि कशासाठी चालली आहे हे सांगता आले की शंटिंगला रंग चढतो.

कागदावरून फळीवर

आराखडा आधी चौकटीच्या वहीत काढावा, मग संगणकावर. एक्सट्रॅककॅड हे रुळांची आखणी करणारे सॉफ्टवेअर मोफत आहे. पॉइंट मात्र खऱ्या मापात छापून पाहावेत. पेको ही ब्रिटिश कंपनी आपल्या पॉइंटचे पूर्ण आकाराचे नकाशे फुकट उपलब्ध करून देते. ते छापून, कापून, वर्तमानपत्राच्या जोडलेल्या पानांवर चिकटवावेत. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या वाघिणींच्या लांबीच्या कापून त्यांवर सरकवाव्यात आणि दोन-तीन संध्याकाळी बोटांनीच शंटिंग करून बघावे. वहीत पुरेसा दिसणारा रूळ प्रत्यक्षात चार सेंटिमीटरने अपुरा पडतो ते इथे कळते, आणि चूक रद्दीच्या भावात सुधारते.

खरेदीचा क्रम असा ठेवावा : प्रथम एक चांगले इंजिन किंवा त्याचा तळ, मग दोन पॉइंट आणि रूळ, मग चाके व बोगी, बाकी सर्व घरी. इंजिनावर हात आखडू नये. ते सावकाश, धक्का न देता चालत नसेल तर शंटिंगची मांडणी निरुपयोगी होते. जुने इंजिन घेताना ते चालवून दाखवायला सांगावे, सर्वांत कमी वेगात. वाघिणी मात्र मोडक्यातोडक्या चालतात, कारण त्यांच्या फक्त बोगी वापरायच्या आहेत. परदेशातून मागवताना पाठवणी आणि आयात शुल्क यांचा बोजा मोठा असतो. चार मित्रांनी मिळून एकदाच मागवावे.

फळी, रूळ आणि वीज

वरची फळी ९ किंवा १२ मिलिमीटरच्या प्लायवुडची, खाली एक बाय दोन इंची लाकडाची चौकट. सुताराकडे अशा मापाचा उरलेला तुकडा बहुधा मिळतो. प्लाय दोन्ही बाजूंनी आणि कडांना ऑइलपेंट लावून बंद करावा. पावसाळ्यात उघडे लाकूड ओल शोषून फुगते, एका बाजूनेच रंगवलेले असले तर वाकते, आणि वरचे रूळ त्याच्याबरोबर हलतात. कोकणात आणि गोव्यात ही काळजी दुप्पट घ्यावी. त्याच कारणासाठी पोलादी रूळ स्वस्तात मिळाले तरी टाळावेत, ते गंजतात. निकेल-सिल्व्हरचे रूळ घ्यावेत. धातूच्या प्रसरणाचा धसका मात्र घ्यायला नको : वीस अंशांच्या फरकाने एक मीटरचा रूळ सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटर वाढतो. दोन-तीन सांध्यांत कागदाच्या जाडीची फट सोडली की पुरे.

रूळ बसवणे हे सर्वांत सावकाश करायचे काम. दोन रूळ जोडल्यावर बोटाचे नख सांध्यावरून फिरवावे, वरून एकदा आणि आतल्या कडेने एकदा. नख अडकले तर चाकही अडकणार. आतली कड बारीक कानशीने घासून किंचित गोल करावी; वरच्या बाजूला उंचीत फरक असेल तर खाली कागदाची पट्टी सारावी. मग एकच वाघीण हाताने ढकलून दोन्ही दिशांनी, विशेषतः पॉइंटमधून, न्यावी. डगमग दिसली की तिथेच थांबून दुरुस्ती करावी. खडी टाकल्यानंतर हीच दुरुस्ती करायची तर रूळ उखडावे लागतात. पॉइंट निवडताना मध्यभागी प्लॅस्टिकचा तुकडा असलेले घ्यायचे की धातूचा, हेही पाहावे. प्लॅस्टिकचे स्वस्त आणि जोडायला सोपे, पण आखूड इंजिन सावकाश जाताना त्या तुकड्यावर वीज तुटून थांबते. दोन बोगींचे, आठही चाकांनी वीज उचलणारे डिझेल इंजिन तिथून सहज निसटते. ते निवडण्याचे हे आणखी एक कारण.

विजेचा भाग बहुतेकांना वाटतो त्याहून साधा आहे. एनच्या मोटरी बारा व्होल्ट डीसीवर चालतात आणि एक इंजिन अर्ध्या अँपिअरच्याही आत काम भागवते. बारा व्होल्ट, एक अँपिअरचा चांगल्या प्रतीचा तयार अडॅप्टर, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे डीसी मोटरचा वेग कमी-जास्त करणारे छोटे मॉड्यूल आणि दिशा उलटवण्यासाठी सहा टोकांचा एक टॉगल स्विच, एवढ्यात कंट्रोलर होतो. घरच्या २३० व्होल्टच्या बाजूला कधीही हात लावू नये. उघडा ट्रान्सफॉर्मर वापरून वाचणारे पैसे जिवापेक्षा मोठे नाहीत. रुळांपर्यंत वीज नेणाऱ्या तारा रूळ जोडणाऱ्या जॉइनरच्या भरवशावर न ठेवता प्रत्येक लांब रुळाला वेगळ्या डागून घ्याव्यात. इंजिनागणिक वेगळा संदेश पाठवणारी डीसीसी पद्धत अनेक इंजिने एकदम चालवायची असतील तेव्हा कामाची. एका इंजिनाच्या मांडणीला तिची गरज नाही.

परिसर

इथे महाराष्ट्रातले घर दुकानाला मागे टाकते. खऱ्या रुळांखालची खडी साधारण ५० मिलिमीटरची, म्हणजे १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. मैद्याच्या आणि रव्याच्या चाळणीतून अनुक्रमे गाळून मधला भाग ठेवला की हवी ती रेती मिळते. ती वापरण्याआधी कागदात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यावरून दोन-तीनदा फिरवावे. कोकण किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत लोहयुक्त खनिजांचे कण असतात. असे कण मोटरचे चुंबक ओढून घेते आणि इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. रेती पसरून झाल्यावर निम्मे पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकावा आणि ते ड्रॉपरने सोडावे. साबणामुळे पाणी गोळा न होता रेतीत झिरपते.

जमिनीसाठी त्या-त्या गावची चाळलेली मातीच घ्यावी. सोलापूर-बार्शीकडच्या काळ्या मातीचा रंग कोणत्याही परदेशी पुडीत मिळत नाही. फेव्हिकॉल लागल्यावर माती अधिक गडद दिसते, म्हणून तीत थोडी राखाडी माती मिसळावी. वापरलेली चहापूड वाळवून ओबडधोबड जमीन होते, पण ती कडक उन्हात पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. वाळलेल्या गवताला काथ्याचे बारीक तुकडे, बाभळीला फुलोऱ्याच्या वाळक्या काड्या, आणि पाल्याला मिक्सरमधून काढून रंगवलेला जुना स्पंज. दुष्काळी पट्ट्यातले स्टेशन असल्याने हिरवळ बेतानेच हवी, आणि त्यातही खर्च वाचतो.

इमारतींसाठी लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. तो ताठ असतो आणि कटरने स्वच्छ कापला जातो. गोदामाचा पन्हळी पत्रा जरा कौशल्याने करावा लागतो. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हळींमध्ये साधारण ७५ मिलिमीटर अंतर असते, ते १:८७ मध्ये ०.८६ मिलिमीटर होते. पाच मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टचे आटे ०.८ मिलिमीटर अंतरावर असतात. रबराच्या तुकड्यावर जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवून तो बोल्ट दाबून फिरवला की पन्हळ उमटते. रेषा किंचित तिरक्या पडतात, त्यामुळे पत्रे कापताना कड रेषेला धरून कापावी. १:८७ मध्ये दहा फुटी पत्रा साडेतीन सेंटिमीटरचा होतो. एकसंध छप्पर न करता असे सुटे पत्रे एकावर एक चढवले, त्यांतल्या दोन-चारांना तांबूस रंग दिला की गोदाम खरे दिसते.

फळी साधारण छातीच्या उंचीला ठेवावी. वरून पाहिल्यावर खेळण्यासारखी दिसणारी गाडी डोळ्यांच्या जवळ आली की मोठी भासते. मागे फिकट आकाशी रंगाचा एक कार्डशीट, त्यावर ढग न काढता. वापर नसताना प्लॅस्टिकचे आच्छादन घालावे. जुनी चादर घातली तर तिचे धागे चाकांत गुंततात. आपल्याकडच्या धुळीत रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने वरचेवर पुसावी लागतात, त्याला पर्याय नाही.

दुसरी फळी

वाघिणी सोडवण्यासाठी महागडे चुंबकी कपलर लागतातच असे नाही. उदबत्तीची टोकदार केलेली काडी कपलरमध्ये घालून वळवली की काम होते. चिठ्ठ्यांऐवजी प्रत्येक वाघिणीचे एक कार्ड करावे, त्यावर तिचा क्रमांक, माल आणि मुक्काम. बार्शीहून सरकी, लातूरहून डाळ, कुर्डूवाडीहून रॉकेलचे पिंप. कार्डे पिसून पाच काढली की त्या दिवसाची गाडी ठरते.

काही महिने ही फळी बिनघोर चालली, रुळांच्या तक्रारी संपल्या, की मगच दुसरी घ्यावी. पहिलीच्या शंटिंगच्या टोकाला ती जोडायची आणि त्यासाठी पहिल्याच दिवशी त्या टोकाचा रूळ फळीच्या कडेपर्यंत, कडेशी काटकोनात आणून ठेवायचा. दुसऱ्या फळीवर आधी फक्त पडद्यामागची जागा करावी, तीही पॉइंट न वापरता : गाडीच्या लांबीच्या तीन सुट्या पट्ट्या, प्रत्येकीवर रुळाचा एक तुकडा आणि त्यावर उभी एक गाडी. हवी ती पट्टी रुळासमोर आणून टेकवली की गाडी आत येते. तिसऱ्या फळीवर लागलेच तर वळण, किंवा सीना नदीवरचा एखादा पूल. मोठी मांडणी अशी एकेका फळीनेच वाढते. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे जॉन अ‍ॅलन यांनी उभारलेली गोरी अँड डिफीटेड ही मांडणी या छंदातल्या सर्वांत नावाजलेल्या मांडण्यांपैकी एक. तिची सुरुवात साधारण साडेसहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशा एका फळीवर झाली होती, आणि पुढे तळघर भरून टाकणाऱ्या त्या मोठ्या मांडणीत ती पहिली फळी तशीच सामावून घेतली गेली.